यंदाही मन लावावे: टोरोंटोतील लेकीस पत्र

॥ श्री ॥

रेडमंड, वॉशिंग्टन
२० मार्च २०२६

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल पाडव्याच्या फोनवर तू बोलता बोलता एक वाक्य म्हणालीस आणि ते रात्रभर माझ्या मनातून गेले नाही. गुढी कुठे उभारली, श्रीखंड घरी केले की विकत आणले, हे सगळे विचारून झाल्यावर मी तुला सांगितले, की येत्या गुरुवारी, २६ तारखेला, आपल्या सिअ‍ॅटलच्या बेसबॉल संघाचा, मरिनर्सचा, या हंगामातला पहिला सामना क्लीव्हलँडशी आपल्याच मैदानावर आहे. त्यावर तू म्हणालीस, "आई, यंदा मी त्यांच्यात मन गुंतवणार नाही." मला तेव्हा काही बोलता आले नाही. जे बोलायचे होते ते फोनवर मावणारेही नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तुझे दुःख मला कळते. गेल्या २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आपला संघ तुझ्याच शहरात वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत जाण्यासाठीचा सातवा आणि निर्णायक सामना खेळत होता, आणि तू टोरोंटो ब्लू जेजच्या चाहत्यांच्या त्या निळ्या समुद्रात एकटी सिअ‍ॅटलची टोपी घालून बसली होतीस. इथे मी देवापुढे समई लावून, पूजेची मांडणी अर्धवट ठेवून टीव्हीपुढे उभी होते. आपल्या हुलिओ रॉड्रिगेझने पहिल्याच चेंडूंमध्ये दोन बेसचा डबल मारला, नेलरने त्याला घरी आणले, पुढे हुलिओचा आणि मग कॅलचा होम रन झाला. सातव्या इनिंगपर्यंत आपण ३-१ ने पुढे होतो आणि वर्ल्ड सिरीज आठ आउटवर येऊन ठेपली होती. त्यानंतर टोरोंटोच्या स्प्रिंगरने मारलेला तो तीन धावांचा होम रन, ४-३ असा फलक आणि शेवटी हुलिओचेच स्ट्राइक आउट होणे, हे तुला मी सांगायला नको. त्या रात्री तू फोनवर एक शब्दही बोलली नाहीस, नुसती रडत होतीस, आणि मी पूजा उरकली ती आरती न म्हणताच.

त्या इनिंगबद्दलचे माझे मत मी तुला आजवर स्पष्ट सांगितलेले नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, एकच आउट, समोर गुडघा दुखावलेला असूनही उभा राहिलेला स्प्रिंगर, आणि हंगाम संपायला एक फटका पुरेसा, अशा वेळी आपला सर्वांत चांगला पिचर (चेंडूफेक करणारा) आंद्रेस मुन्योझ याला बोलवायला हवे होते. मॅनेजर डॅन विल्सन यांनी दुसऱ्या पिचरला, बझार्डोला, आणले, कारण मुन्योझ शेवटच्या आउटसाठी राखलेला होता. मला हा निर्णय तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. सर्वांत चांगला पिचर सर्वांत कठीण क्षणासाठी असतो, आणि तो क्षण नवव्या इनिंगमध्येच येईल असे कोणी लिहून दिलेले नसते. पण बझार्डोला तू दोष देतेस, ते मला मान्य नाही. वर्षभर त्या मुलाने जे काम सांगितले ते निमूटपणे आणि उत्तम केले. शिवाय विल्सन हे १९९५ च्या त्या संघाचे कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारे) होते, ज्या संघाने न्यूयॉर्क यांकीजला अकराव्या इनिंगमध्ये हरवून या शहरात बेसबॉल टिकवला. त्यांना त्या रात्री आपल्यापेक्षा कमी वेदना झाल्या असतील असे मी कधीच मानणार नाही.

तुझा जन्म २००५ चा. २००१ नंतर आपला संघ प्लेऑफमध्ये थेट २०२२ साली पोहोचला, तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. म्हणजे तुझे सारे बालपण हरणाऱ्या संघासोबत गेले, आणि तरीही तू दर उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खुर्चीत बसून, शेजारून जाणाऱ्या मालगाडीच्या भोंग्याला हात हलवत, आनंदाने ओरडत होतीस. तेव्हा जिंकण्याची आशाच नव्हती, म्हणून दुखत नव्हते. आता आशा आहे, म्हणून दुखते. यामुळे मागे सरण्याचे कारण मला दिसत नाही, उलट संघ कुठून कुठवर आला ते त्यावरूनच कळते.

माझी या संघाशी गाठ कशी पडली, हे तू अर्धवट ऐकले आहेस. मी २००१ च्या वसंतात सांगलीहून इथे आले. तुझे बाबा सकाळी सातला ऑफिसला जात, माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि पावसाळी खिडकीपुढे बसून दिवस कसा घालवावा ते समजत नव्हते. घरात आधीच्या भाडेकरूंनी सोडलेला एक रेडिओ होता. एके दुपारी तो लावला आणि मरिनर्सचे समालोचक डेव्ह नीहाउस यांचा आवाज ऐकू आला. खेळ कळत नव्हता, निम्मे इंग्रजीही कळत नव्हते, पण तो आवाज मला थेट आमच्या सांगलीच्या माजघरात घेऊन गेला, जिथे तुझे आजोबा आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकताना आम्हा मुलांना श्वाससुद्धा हळू घ्यायला लावत. चेंडू कुठे गेला हे न पाहता दिसावे, ही किमया दोघांच्याही आवाजात होती. ग्रँड स्लॅम, म्हणजे चार धावांचा होम रन, झाला, की नीहाउस कुणा आजीला राय ब्रेड आणि मोहरी काढायला सांगत. तो काय प्रकार आहे हे मला दोन महिन्यांनी शेजारणीने समजावले.

त्या वर्षी संघाने ११६ सामने जिंकले आणि शिकागो कब्जच्या १९०६ च्या विक्रमाची बरोबरी केली. इचिरो जपानहून नुकताच आला होता. तोही परदेशात नवखा होता, आणि पहिल्याच हंगामात २४२ हिट्स करून सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला वाटले, इथे दरवर्षी असेच असते. मग यांकीजनी आपल्याला हरवले आणि एकवीस वर्षांची प्रतीक्षा सुरू झाली. नीहाउस १९७७ मधल्या पहिल्या सामन्यापासून या संघाचा आवाज होते आणि २०१० साली गेले. वर्ल्ड सिरीजमधला मरिनर्सचा एकही चेंडू त्यांना वर्णन करायला मिळाला नाही, कारण तो आजवर पडलेलाच नाही. तीस संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला आपला एकमेव संघ आहे, आणि हा त्याचा पन्नासावा हंगाम आहे.

आता यंदाच्या संघाविषयी. तू म्हणशील, आई भावनेच्या भरात लिहिते. म्हणून कारणे देते.

पहिली गोष्ट कॅल रॅलीची. गेल्या वर्षी त्याने ६० होम रन मारले. त्याआधी एका हंगामात कोणत्याही कॅचरचे ४८ हून अधिक झाले नव्हते, दोन्ही हातांनी खेळणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा ५४ चा विक्रम १९६१ पासून उभा होता, आणि आपल्या संघात ग्रिफीचे ५६ सर्वाधिक होते. हे तिन्ही विक्रम एकाच उन्हाळ्यात मागे पडले. पण यंदा कोणी त्याच्याकडून पुन्हा साठांची अपेक्षा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दररोज दीडशेच्या आसपास चेंडू गुडघ्यांवर बसून झेलणारा माणूस पस्तीस-चाळीस होम रन मारून पिचर्सना नीट सांभाळत असेल, तर तेही मोठे देणे आहे. ऑलस्टारच्या होम रन स्पर्धेत त्याचे वडील त्याला चेंडू टाकत होते आणि धाकटा भाऊ मागे झेलत होता, तेव्हा मला त्या साठांपेक्षा अधिक भरून आले होते.

माझी खरी भिस्त पिचर्सवर आहे. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्टिल्यो आणि मिलर ही पाच नावे गेल्या हंगामाच्या आधी सगळे जण आदराने घेत होते, पण प्रत्यक्षात हे पाचही एका वेळी धडधाकट असे फार थोडे दिवस लाभले. कर्बीचा खांदा सुरुवातीलाच दुखावला, गिल्बर्ट आणि मिलर कोपरामुळे बाहेर बसले, आणि वर्षभर सर्वांत भरवशाचा ठरलेला वू नेमका सप्टेंबरमध्ये छातीच्या स्नायूमुळे थांबला. तरीही ९० सामने जिंकले आणि २००१ नंतर प्रथमच विभागाचे विजेतेपद मिळाले. प्लेऑफमधला डेट्रॉइटविरुद्धचा तो पंधरा इनिंगचा सामना आठव. गिल्बर्ट आणि कास्टिल्यो, दोघेही सुरुवात करणारे पिचर, त्या रात्री राखीव पिचर्सच्या जागेतून, बुलपेनमधून, आले, कारण दुसरे कोणी उरलेच नव्हते, आणि पोलांकोच्या फटक्यावर आपण ३-२ ने जिंकलो तेव्हा पाच तास होत आले होते. हे पाच हात यंदा निम्म्याहून अधिक हंगाम एकत्र टिकले, तर आपण ऑक्टोबरमध्ये दमलेले नसू. गेल्या वर्षी टोरोंटोत पोहोचेपर्यंत आपण दमलो होतो. शेवटच्या दोन सामन्यांतल्या पराभवाचे माझ्या मते हेच मोठे कारण आहे, त्या एका इनिंगपेक्षाही.

पोलांको न्यूयॉर्कला गेला आणि युहेनिओ सुआरेझही राहिला नाही, याचे मला वाईट वाटते. टोरोंटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यातला सुआरेझचा तो आठव्या इनिंगमधला ग्रँड स्लॅम मी आयुष्यभर विसरणार नाही, नीहाउस असते तर आजीला नक्की हाक मारली असती. त्या दोघांच्या फटक्यांची जागा एकट्याने कोणी भरणार नाही. पण जॉश नेलरला संघाने पाच वर्षांसाठी राखले, हे मला सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. दिसायला जाडजूड, धावायला मंद, आणि तरी गेल्या वर्षी आधीच्या आणि आपल्या संघात मिळून त्याने ३० बेस चोरले (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला), ते केवळ पिचरच्या हालचाली वाचून. सेंट लुईसहून आलेला ब्रेंडन डोनोव्हनही असाच डोके वापरून खेळणारा आहे, कुठेही उभा करा, सहसा चेंडू हुकवणार नाही. आपल्या फलंदाजांचे स्ट्राइक आउट होण्याचे जुने दुखणे अशा माणसांनीच कमी होईल.

यंदाचा एक नवा नियम तुला आवडेल. चेंडू स्ट्राइक होता की बॉल, म्हणजे ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून, यावर पंचांच्या निर्णयाला आता बॅटर, पिचर किंवा कॅचर आव्हान देऊ शकतील. डोक्याला हात लावायचा, की यंत्र निर्णय सांगते. प्रत्येक संघाला दोन आव्हाने मिळतील आणि बरोबर ठरले तर ते खर्ची पडणार नाही. क्रिकेटमधल्या डीआरएससारखेच आहे. आव्हान कधी घ्यायचे आणि कधी गप्प बसायचे, हे ज्या कॅचरला कळेल त्याचा संघ यंदा महत्त्वाचे सामने काढेल, आणि चेंडूची जागा कॅलइतकी जाणणारे कॅचर थोडे आहेत.

आणखी एक आठवण करून देते. त्या सातव्या सामन्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २ नोव्हेंबरला पहाटेच्या अंधारात तुझा फोन आला होता, आणि आपण दोघींनी महिला क्रिकेट विश्वचषकाचा नवी मुंबईतला अंतिम सामना एकत्र पाहिला होता. भारताच्या मुली पहिला विश्वचषक १९७८ साली खेळल्या. २००५ साली अंतिम सामन्यात हरल्या, २०१७ साली लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी हरल्या. त्या २०१७ च्या रात्री तू बारा वर्षांची होतीस आणि आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनासाठी ढसाढसा रडली होतीस. तेव्हा तू मन काढून घेतले असतेस, तर हरमनप्रीतने तो शेवटचा झेल घेतला तेव्हा तुझा आवाज फोनवर तसा फाटला असता का? ज्यांनी मधली वर्षे पाहिलीच नाहीत त्यांनाही तो विजय आवडला, पण आपल्याला तो जसा मिळाला तसा त्यांना मिळाला नाही.

म्हणून तू यंदाही मन लावावेस, असे मला वाटते. वर्ल्ड सिरीज मिळेलच, असे मी म्हणत नाही. ह्यूस्टन आपल्या विभागात आहे, एकशे बासष्ट सामने आहेत, आणि पिचरचे कोपर ही फार नाजूक वस्तू आहे. पण हा संघ त्या जागेपर्यंत चालत गेलेला आहे, त्याला वाट ठाऊक झाली आहे, आणि मी पंचवीस वर्षांत पाहिलेल्या संघांपैकी २००१ चा सोडला तर हा मला सर्वांत पूर्ण वाटतो.

गुरुवारी मी आणि बाबा मैदानावर असू, आपल्या नेहमीच्या वरच्या मजल्यावर. तुझी खुर्ची रिकामी ठेवणे परवडत नाही, म्हणून शेजारच्या काकूंना नेत आहे. त्यांना खेळ कळत नाही, तेव्हा मला बोलण्यात वेळ बरा जाईल. तुझी वेळ आमच्या तीन तास पुढे आहे, दुसऱ्या दिवशी वर्ग असेल तर सगळा सामना ऐकू नकोस. पहिली इनिंग मात्र रेडिओवर ऐक. चिवड्याच्या डब्यासोबत तुझी जुनी टोपी पाठवली आहे, इचिरोच्या ५१ क्रमांकाची, कडा विरलेली. ती मंगळवारपर्यंत पोहोचावी. अभ्यास सांभाळ, थंडी अजून गेलेली नाही, कानटोपी सोडू नकोस.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई