लाटेवरचे क्रियापद

महोदय,

सोन्याचा भाव, विजेचा दाब 'फ्लक्च्युएट' होतो, असे आपण सर्रास म्हणतो. हे क्रियापद लॅटिनमधून आलेले. 'फ्लुक्टुस' म्हणजे लाट. त्यामुळे नुसता बदल नव्हे, तर वरखाली होणे त्यात अभिप्रेत आहे. महिनाभर फक्त चढतच राहिलेल्या भावाला हा शब्द लावलेला म्हणूनच खटकतो.

पॅरिस शहराच्या लॅटिन बोधवाक्यात मूळ अर्थ अजून शाबूत आहे: 'फ्लुक्टुआट नेक मेर्गितुर', लाटांवर हेलकावते, पण बुडत नाही. शहराच्या मानचिन्हावर गलबतही आहे. 2015च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर पॅरिसकरांनी हेच शब्द भिंतीवर रंगवले. गंमत म्हणजे इंग्रजी 'फ्लो' या कुळातला नाहीच. तो संस्कृत 'प्लव'चा नातलग.

– एक वाचक, पुणे