बाबा, तो जांभया देत नव्हता

तीर्थरूप आई-बाबांना सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात तुम्ही दोघे इकडे आलात, तेव्हा आपण तिघे शहराच्या मधोमध राखलेल्या वनउद्यानात पहाटे फिरायला गेलो होतो. परतताना बाबा म्हणाले, "झाडे छान वाढली आहेत, पण पाखरे राहिली नाहीत." त्या वेळी मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणे मला तेव्हापासून टोचत आहे.

बाबा, तळ्याकाठच्या बाकावर बसून तुम्ही दुर्बीण लावली होती. समोरच्या वाळक्या फांदीच्या टोकाला शिंजिराचा नर बसला होता. कोवळ्या उन्हात त्याचा जांभळा गळा चमकत होता आणि चोचीची सारखी उघडझाप चालली होती. तुम्ही हसून म्हणालात, "हा नुसता जांभया देतोय." आईने माझ्याकडे पाहिले, कारण त्याचे बारीक, धारदार गाणे आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू येत होते. झुडपातल्या भारद्वाजाचा घुमणारा हुंकार मात्र तुम्ही आमच्याआधी टिपलात.

वय वाढते तसे ऐकणे बहुधा वरच्या पट्टीकडून कमी होऊ लागते, हे मी नंतर वाचले. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि सहसा त्याच आधी निकामी होतात. म्हणून भारद्वाज आणि होला ऐकू येत राहतात, शिंजीर हरवतो. (पक्ष्यांच्या कानात अशा पेशी पुन्हा तयार होतात. आपल्याला ती सोय नाही, हा मला थोडा अन्यायच वाटतो.)

त्यात शहराची आणखी एक गंमत आहे. रहदारीची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीतली असते, आणि तिच्यात आपले गाणे बुडू नये म्हणून काही पक्षी स्वर चढवतात. नेदरलंड्समधील लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे 'ग्रेट टिट' पक्षी अधिक उंच पट्टीत गातात, असे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उलट 2020 च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को परिसरात रहदारी ओसरली, तेव्हा तिथल्या एका जातीचे पक्षी पुन्हा हळू आणि खालच्या स्वरात गाऊ लागले होते.

आई सांगते की टीव्हीचा आवाज वाढवूनही तुम्ही "काय म्हणाला?" असे विचारता. स, श, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली असल्यामुळे आवाज पोचतो, पण शब्द निसटतो. म्हणून माझी विनंती आहे की कानाच्या डॉक्टरांकडे एकदा जावे. कदाचित नुसता मळ साचला असेल. नसल्यास श्रवणतज्ज्ञ प्रत्येक पट्टीतले ऐकणे मोजतात आणि जेथे उणे आहे तेथेच भर घालणारे यंत्र बसवून देतात. चष्मा लावताना तुम्ही कधी मान खाली घातली नाहीत, मग यातच संकोच कसला?

आई, तपासणीची वेळ तू ठरव, कारण बाबा ती पुढे ढकलत राहतील. मी रजा काढून येते. त्यानंतर इकडे याल तेव्हा दुर्बीण विसरू नका. तो शिंजीर अजून रोज सकाळी त्याच वाळक्या फांदीवर येतो.

तुमची लेक