परत आलेल्यांची नावं

पुणे, १६ डिसेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आज ७१ च्या लढाईचा विजय दिवस, तुमच्या वतीनं इथल्या वॉर मेमोरियलला फुलं वाहून आले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं, बरं, ठेव" म्हणता आणि आईकडे देता. पत्र मात्र चष्मा पुसून, अंगणात बसून वाचता. म्हणून लिहितेय.

कोण कोण आलं होतं हे तुम्ही सगळ्यात आधी विचाराल. सिग्नल प्लाटूनचे काका आले होते, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. कोटावर सगळी मेडल्स, ७१ च्या पूर्व आघाडीचं 'पूर्वी स्टार' मधोमध. मोर्टारवाले काका व्हीलचेअरवर होते. मला त्यांनी ओळखलं नाही, पण तुमचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "त्याला सांग, गुडघा बदलला म्हणजे पीटी माफ होत नाही." बाकी तुमच्या कंपनीचं कुणी नव्हतं. मागच्या रांगेत पलटणीतल्या दोन काकू होत्या. त्यांचे मालक आता नाहीत, पण दरवर्षीची तारीख त्यांनी सोडलेली नाही.

लंगरवाले काका, पलटणीचे स्वयंपाकी, नव्हते. श्रावणात ते गेले तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात आणि आम्ही तुम्हाला आठवडाभर सांगितलं नव्हतं. आज बिगुलावर लास्ट पोस्ट, गेलेल्यांना निरोपाची धून, वाजली, जवानांनी शस्त्रं उलटी केली, सगळं मैदान थांबलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर काकाच आले. ते काही लढाईत गेले नाहीत. ऐंशीच्या घरात, स्वतःच्या घरी, नातवाला शाळेत सोडून आल्यावर गेले. तिथे वाहिलेल्या पुष्पचक्रात त्यांचा वाटा होता का, हे मला कळेना. तेच तुमच्याशी बोलायचं आहे.

हे स्मारक लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. १५ ऑगस्ट १९९८ ला ते खुलं झालं आणि पुढच्याच वर्षी कारगिल झालं. त्या लढाईतलं मिग-२३ विमान आज तिथेच उभं आहे. पोरं त्याच्यासमोर फोटो काढत होती, आणि मला ते आवडलं. पोरांनी तिथे यावं, हसावं, विचारावं. एक मुलगा आजोबांना विचारत होता, "हे सगळे कुठल्या लढाईत मेले?" आजोबांनी ६२, ६५, ७१ अशी बोटं मोजली. तो म्हणाला, "आणि जे नाही मेले ते?" आजोबांनी त्याला पुढे नेलं. मी तिथेच थांबले.

बाबा, तुम्ही नेहमी एकच वाक्य बोलता. "आम्ही काय केलं? जे गेले त्यांनी केलं." लहानपणापासून हे ऐकतेय आणि एवढी वर्षं मान डोलावत आले. आज पहिल्यांदा लिहून सांगते, मला ते पटत नाही. जे रणात गेले त्यांचा मान पहिला, त्यात दुमत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २५ हजारांहून जास्त नावं दगडात आहेत, तुमच्या पलटणीतलीही आहेत. खडकीच्या वॉर सिमेट्रीत परमुलुखातल्या पोरांच्या थडग्यांवरसुद्धा नाव, हुद्दा, पलटणीचं चिन्ह, तारीख आहे. खडकवासल्याला एनडीएत कॅडेट्सनी श्रमदानानं बांधलेलं हट ऑफ रिमेम्बरन्स आहे, तिथे अकादमीतून बाहेर पडून रणात गेलेल्यांची नावं आहेत. त्यांच्यासाठी दगड आहे, बिगुल आहे, तारीख ठरलेली आहे. जे परत आले, शेती केली, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, मुलांची लग्नं केली आणि एक दिवस गेले, त्यांच्यासाठी बाराव्याचं जेवण आणि भिंतीवरचा फोटो. त्यांनी काय केलं ते त्यांच्या नातवंडांनाही ठाऊक नसतं.

रामा राघोबा राणे यांचंच बघा. कारवारकडचे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली, वरून गोळ्या. तरी जखमी मांडीनं ते दिवसरात्र रस्ता मोकळा करत राहिले. रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्या चालीनं रांगत गेले, दोरी ओढून चालकाला इशारे देत. परमवीर चक्र हयातीत मिळालं. ते मेजर होऊन निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला आपल्या पुण्यातच कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. म्हणजे मी पुण्यात कॉलेजला होते तेव्हा ते याच शहरात होते, आणि मला माहीत नव्हतं. परमवीराची ही गत, तर लंगरवाल्या काकांचं कोण सांगणार?

त्यांचं मला ठाऊक आहे ते तुमच्यामुळे, आणि तेही अर्धं. ७१ ला पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात, झालेलं जमालपूर मला तोंडपाठ आहे. ब्रार साहेबांची पलटण, म्हणजे तुमची १ मराठा, ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या पाठीशी जाऊन बसली. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, मुक्तिवाहिनीच्या माणसाच्या हाती. पलीकडच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १० डिसेंबरच्या रात्री त्या कर्नलची पाकिस्तानी पलटण, ३१ बलुच, अंधारात तुमच्यावर चालून आली, आणि पहाटेपर्यंत पलटण जागची हलली नाही. हे पुस्तकांतही सापडतं. पण त्या रात्री लंगरवाले काका चुली विझवून दारूगोळ्याच्या पेट्या पुढच्या खंदकांपर्यंत वाहत होते, हे कुठल्या पुस्तकात आहे? एकदा दसऱ्याला तुम्ही बोलून गेलात. मी पुढे विचारलं, तर "जेव आता" म्हणालात.

टांगाईलचंही तसंच. ११ तारखेला २ पॅरा ही पॅराशूटवाली पलटण आभाळातून उतरली, ती मूळची आपली ३ मराठा. मग तुमची पलटण चालत चालत पुंगली पुलाशी तिला जाऊन भेटली. १७६८ पासूनची जंगी पलटण आणि तिची भावकी, घरापासून एवढ्या लांब, पुलाच्या दोन टोकांना. तिथे पहिलं काय बोललात? कुणाच्या गावचं कोण निघालं? आज सिग्नलवाल्या काकांना विचारलं, तर ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "तुझ्या बापाला विचार, त्यानं तिथे तंबाखू मागितली होती." हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आणि खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधले, मणक्याच्या जखमेनं लुळे पडलेल्या जवानांच्या सेंटरमधले, काका. त्यांच्या मणक्यात गोळ्याची कपची घुसली होती. ७१ नंतर, १९७४ मध्ये ते सेंटर सुरू झालं आणि काका तिथले झाले. तुम्ही सुट्टीवर आलात की सातारा एसटीआधी खडकी. आम्ही पोरं कंटाळायचो. ते व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळायचे आणि आम्हाला चेंडू अडवायला लावायचे. मुरलीकांत पेटकरांचं नाव मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. ६५ च्या लढाईत गोळ्या लागलेला ईएमईचा, लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागाचा, जवान, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. काका ते असं सांगायचे जसं काही त्यांच्याच खोलीत घडलं. काकांना मूलबाळ नव्हतं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचं नाव घेणारं घर म्हणजे आपलंच. तुम्ही सर्वपित्री अमावस्येला आजोबा-पणजोबांच्या पानाशेजारी एक पान वाढता आणि कुणाचं ते सांगत नाही, ते त्यांचं आणि पलटणीतल्या बाकीच्यांचं आहे, हे मला आईनं सांगितलंय. आई, रागावू नकोस, आज लिहून टाकलं.

आई, तुझ्याशीही बोलायचंय. तू ७१ ची गोष्ट कधी सांगत नाहीस, कारण तुला वाटतं ती बाबांची आहे. नवी नवरी होतीस. कार्ड टाकायचीस, केअर ऑफ ९९ एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर, आणि उत्तर कधी येईल याचा नेम नाही. वाड्यातल्या एकाच रेडिओभोवती सगळी गल्ली, आणि तारवाला दिसला की बायका दारं लावून घ्यायच्या. तार तुमच्या गल्लीत आलीच, पण शेजारच्या दारात थांबली. तू त्या काकूंच्या घरी तेरा दिवस भाकऱ्या थापल्यास. एवढं मला आत्यानं सांगितलंय. तुला त्या दिवसांत काय वाटलं, ते तू सांग. आज मागच्या रांगेत बसलेल्या काकूंकडे बघताना मला तूच दिसत होतीस.

त्या काकूंवरून एक कामाचं, आणि हे बाबा, नीट वाचा. लंगरवाल्या काकांच्या काकूंचं फॅमिली पेन्शन अजून सुरू झालेलं नाही. लग्नात त्यांचं नाव बदललं. पलटणीच्या कागदांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जन्मतारीखही वेगळी. काका असते तर एका अर्जानं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसमधून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद दुरुस्त करणारा हुकूम, निघाली असती. आता त्या माउलीला प्रत्येक खिडकीवर आपण कोण हे सिद्ध करावं लागतंय. मी आणि सिग्नलवाल्या काकांचा मुलगा त्यांना घेऊन पुढच्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणार आहोत. तेवढं होईल. पण तुमच्या पीपीओवर, पेन्शनच्या हुकमावर, आईचं नाव काय आहे ते काढून बघा. सुवाच्य अक्षरात लिहून मला फोटो पाठवा. हे बोलायला मला जड जातंय आणि तुम्हाला ऐकायला, पण तुम्हीच शिकवलंत की हत्यार शांततेत साफ करायचं.

संक्रांतीला मी येतेय. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिनही असतो, जनरल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच तारखेला निवृत्त झाले. फेटा बांधायचा, मेडल्स लावायची, आणि दुपारी जेवण झालं की माझ्यासमोर बसायचं. जाड वही घेतलीय. तुमच्या प्लाटूनपासून सुरुवात करू. नाव, गाव, हुद्दा, कशात तरबेज होता, काय बोलायचा, घरी कोण कोण आहे, कधी गेला. जे रणात गेले ते आणि जे घरी गेले ते, एकाच वहीत. आठवणार नाही तिथे सिग्नलवाल्या काकांना फोन लावू, त्यांनी कबूल केलंय. "त्यात काय लिहायचंय" म्हणालात तर मी ऐकणार नाही.

आई, लोखंडी पेटीतला पलटणीचा ग्रुप फोटो काढून ठेव. आणि त्या पेटीत तुझ्याकडे आलेली इनलँड पत्रं असतील, तर तीही. वाचायची की नाही ते तू ठरव.

मोर्टारवाल्या काकांना काय उत्तर कळवू ते सांगा. ते वाट बघतायत.

तुमची,
लेक