दादा आणि मी, आठ दिवस

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू रडली असतीस आणि बाबा काही न बोलता उठून गेले असते. म्हणून लिहिते आहे. येत्या अठरा तारखेला मी आणि दादा आठ दिवसांसाठी जंगलात जातो आहोत. बरोबर एक वाटाड्या. रजा मंजूर झाली आहे, तेव्हा आता नाही म्हणू नका.

होय, दादाच. सह्यांच्या त्या दुपारच्या भांडणानंतर तुम्ही आम्हाला दोनदा समोरासमोर बसवलंत आणि दोन्ही वेळा जास्तच बिघडलं. चूक तुमची नव्हती. समोर बसलं की आम्ही एकमेकांचं ऐकत नाही, नुसती उत्तरं जुळवतो. रानातली पायवाट अरुंद असते, एकामागून एक चालावं लागतं. पुढच्याची फक्त पाठ दिसते. ओढा लागला की हात द्यावाच लागतो. दादाचा हात मी किती वर्षांत धरलेला नाही, आई.

मागच्या वर्षी मी कामासाठी जाते म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मी एका गटाबरोबर जंगलात गेले होते. पाच महिने मला धड झोप नव्हती. तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नाही, माफ करा. चौथ्या रात्री तंबूत गाढ झोपले ती उजाडेपर्यंत. जागी झाले तेव्हा भांडण आठवलंच नाही. आठवलं ते वेगळंच : वीज गेली की दादा बॅटरी घेऊन माझ्या पांघरुणात शिरायचा आणि मला झोप लागेपर्यंत ती विझवायचा नाही. रेंज आल्यावर पहिला निरोप त्यालाच पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "मी येऊ?"

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून सांगते. जपानच्या वनखात्याने १९८२ सालीच 'वनस्नान' ही कल्पना लोकांपुढे मांडली : झाडांत शांतपणे, सगळी इंद्रियं उघडी ठेवून वावरायचं. २०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन:स्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती मिनिटं एकदम असोत की तुकड्यातुकड्यांनी. रान म्हणजे औषध नव्हे, हे मला कळतं. माझ्या गोळ्या चालूच आहेत, डॉक्टरांना विचारूनच निघते आहे.

आणि तुमच्या कामाचं हे. १९८४ साली एक अभ्यास छापून आला होता. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तुमचा पलंग खिडकीशी लावायचा. पडदा दिवसभर उघडा. आई, धूळ येते म्हणून ओढून घ्यायचा नाही. तोवर रोज सकाळी दोघांनी झाडांखाली जाऊन बसायचं, काठी घेऊन. काठीची लाज वाटत असेल तर बाबा, आठवा, पाय दुखले की मी तुमच्या खांद्यावर बसायचे. तेव्हा मला लाज वाटली नव्हती.

आमची काळजी करू नका. झोपायच्या पिशव्या उबदार आहेत, पाणी गाळूनच पिऊ. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी वनचौकीवर पोचू, तिथून फोन येईल. एखादा दिवस उशीर झाला तर लगेच सगळ्यांना फोन लावत बसू नकोस, आई. सगळं आठ दिवसांत मिटेल असं मी म्हणत नाही. कदाचित आम्ही नुसतेच चालत राहू.

आणि माळ्यावर चढू नकोस. दादाची जुनी बॅटरी तिथे नाही. मागच्या खेपेला मीच आणली होती. तिच्यात नवे सेल घातले आहेत.

तुमची,
छोटी