माझ्या सैनिकाची इंचभर बंदूक आणि तुमची ५० रुपयांची पावती

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(ते जागेवर नसल्यास त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते)

महोदय,

काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या हेल्पलाइनवरचा माझा पाचवा फोन संपला. संपला म्हणजे तुमच्या बाजूने कापला गेला. म्हणून हा कागद.

तुमच्या खेळण्यांच्या जत्रेचा गोल्ड पास, गेट ३, शनिवारची पहिली बॅच, टोकन ४१७. बाकी सगळं तुमच्या सिस्टीमवर आहे असं मला पाचही वेळा सांगण्यात आलं आणि पाचही वेळा तेच मला पुन्हा विचारण्यात आलं.

तुमच्याच मेलमधलं वाक्य आधी वाचा: ‘मूल्यांकनासाठी आणलेल्या खेळण्यासोबत त्याची मूळ शस्त्रे व सुटे भाग अवश्य आणावेत.’ ‘अवश्य’ ठळक अक्षरांत आहे. मी अवश्य आणली. स्टार वॉर्स सिनेमातला सैनिक, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, केनर या अमेरिकन खेळणी कंपनीने काढलेल्या पहिल्या बारा बाहुल्यांमधला, उंची पावणेचार इंच, पायाच्या मागे १९७७ आणि हाँगकाँग कोरलेलं. सोबत त्याची मूळ बंदूक, वेगळ्या झिपच्या पिशवीत.

गेटवरच्या सुरक्षारक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्या हातात तुम्ही दिलेला तक्ता होता, तक्त्यावर बंदुकीचं चित्र होतं, चित्रावर लाल फुली होती. त्याने पिशवी उजेडात धरली, चित्राकडे पाहिलं, पुन्हा पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाला, “सैनिक चालेल काका, बंदूक नाही चालणार.” मी मेल दाखवला. त्याने तक्ता दाखवला. मागे रांग ओरडत होती. बंदूक जमा झाली. ‘शस्त्र, नग १’ अशी पावती मिळाली आणि ठेवणावळ म्हणून ५० रुपये घेतले गेले. इंचभर प्लॅस्टिक सांभाळायचे ५० रुपये! लॉकरला बँकसुद्धा या दराने पैसे लावत नाही.

आत गेल्यावर पहिल्याच स्टॉलवर अडीच फुटी प्लॅस्टिकच्या बंदुका विकायला टांगलेल्या होत्या. आवाज आणि दिव्यांसकट. त्यांना फुली नव्हती.

मूल्यांकनाच्या टेबलावर तुमच्या तज्ज्ञांनी काय विचारावं? “याची गन कुठे आहे?” मी पावती पुढे केली. ते सभ्य गृहस्थ होते, त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी फॉर्मवर ‘अपूर्ण, शस्त्र नाही’ असं लिहिलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तरी तेच लिहिलं असतं. हातातल्या वस्तूसकट असलेली सुटी बाहुली आणि तिच्याविना असलेली बाहुली यांच्या किमतीतला फरक तुम्हाला मी शिकवायला नको, तुमचा धंदाच त्यावर चालतो.

संध्याकाळी क्लोकरूमवर मला एक गोणपाटाचं पोतं दाखवण्यात आलं. “यात बघा.” त्यात फोमचे हातोडे होते, पुठ्ठ्याच्या तलवारी होत्या, एक खरी छत्रीही होती. ५० रुपये घेऊन, पावती फाडून, वस्तू पोत्यात! मी पाऊण तास जमिनीवर बसून शोधलं. मिळाली नाही.

आता मंगळवारचा फोन. तो मी शब्दशः लिहितो आहे, कारण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी रेकॉर्ड’ होतो म्हणे. ताडून पाहा.

“सर, सिस्टीमवर शस्त्र, नग एक दाखवतंय. तलवार होती की बंदूक?”

“बंदूक.”

“किती मोठी होती, सर?”

“इंचभर.”

“फूटभर?”

“इंचभर. एक इंच.”

इथे थोडी शांतता.

“म्हणजे खेळण्यातली बंदूक का सर?”

“खेळण्यातली नाही. खेळण्याची. खेळण्याच्या हातातली.”

पुन्हा शांतता. मागून कोणीतरी काहीतरी विचारलं, त्याला उत्तर दिलं गेलं, ते मला ऐकू आलं नाही असं समजायला मी तयार आहे.

“सर, मुलाचं वय किती आहे?”

“कोणाच्या मुलाचं?”

“तुमच्या, सर. ज्याचं खेळणं हरवलंय.”

“खेळणं माझं आहे. माझं वय ५३ आहे.”

यानंतर माझा फोन होल्डवर टाकण्यात आला. सात मिनिटं सतार वाजली. सतार संपल्यावर तोच आवाज, पण आता कोणीतरी लिहून दिलेलं वाचल्यासारखा: “सर, आम्हाला तुमच्या भावना समजतात. झालेल्या गैरसोयीबद्दल पुढच्या जत्रेत किड्स झोनचं एक मोफत कूपन आपल्याला देण्यात येत आहे. वयोमर्यादा ३ ते १०.”

मी विचारलं, मी त्यात बसतो का? उत्तर आलं, “सोबत पालक असल्यास चालेल, सर.”

माझी आई ८१ वर्षांची आहे. तिला विचारतो.

शुक्रवारी कुरिअर आलं. डब्यात एक बंदूक. काळी, चकचकीत, दुसऱ्याच कुठल्या तरी रोबोची, माझ्या सैनिकाच्या मुठीत न मावणारी. सोबत गुलाबी चिठ्ठी: ‘आपल्या लाडक्या चिमुकल्यासाठी’. जुन्या बाहुल्यांना नव्या बनावटीची शस्त्रं लावून ‘मूळ’ म्हणून विकणं हा आमच्या छंदातला सगळ्यात जुना भुरटेपणा आहे, आणि तो ओळखायला मदत व्हावी म्हणून तुमच्याच जत्रेत दुपारी तीनला व्याख्यान ठेवलं होतं. आयोजक स्वतःच घरपोच बनावट पाठवतात हे मात्र त्या व्याख्यानात आलं नव्हतं. मी ती पाण्याच्या वाटीत टाकून पाहिली. केनरच्या अस्सल बंदुका बहुधा तरंगतात. ही चाचणी शंभर टक्के भरवशाची नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमची बंदूक तळाला जाऊन बसली ती तिथेच आहे. वाटी अजून ओट्यावर आहे आणि त्यावरून घरात बोलणी खातोय मी.

आणि काल तुमचे वरिष्ठ म्हणाले, “बदली वस्तू तुम्ही स्वीकारली आहे, त्यामुळे तक्रार बंद झाली आहे.” मी स्वीकारली नाही, वॉचमनने स्वीकारली. हे सांगत असतानाच फोन कापला गेला.

गोल्ड पासवर मिळणार असलेल्या ‘खास बाहुली’चं काय झालं तेही या निमित्ताने सांगा. मला एक छापील पाकीट मिळालं, आत ‘लवकरच घरपोच’ असा कागद. तुम्हाला हा नमुना कुठून सुचला ते कळलं. १९७७ च्या नाताळात केनरची खेळणी वेळेत तयार झाली नव्हती, तेव्हा त्यांनी अमेरिकेत आत नुसतं प्रमाणपत्र असलेलं पाकीट विकलं होतं. पण १९७८ मध्ये त्यांनी पोरांना चार बाहुल्या पोस्टाने घरी पोचवल्या. चोरायचीच होती कल्पना, तर उत्तरार्धही चोरायचा होता.

एक स्टॉलवाला ट्रान्सफॉर्मर्सचा ऑप्टिमस प्राइम हा रोबो ‘१९८४ चा, अगदी पहिल्या खेपेचा’ म्हणून विकत होता, आणि त्याच्या अंगावर बोटाने घासल्यावर चिन्ह दिसतं तो चौकोनी स्टिकर होता. ते स्टिकर १९८५ पासून लागले. माझ्यासमोर एका कॉलेजच्या पोराने त्याला महिन्याचा पॉकेटमनी दिला. स्टॉल तपासायला कोणी नाही, इंचभर बंदूक तपासायला तीन माणसं.

मी तुमच्या पहिल्या वर्षापासून येतोय हो. तेव्हा ही जत्रा एका मंगल कार्यालयात भरायची, स्टेजवर वधूवरांच्या खुर्च्या तशाच असायच्या, चौदा टेबलं आणि वडापाव. तिथे एका माणसाने लिओ कंपनीने भारतात काढलेले ही-मॅनचे बाहुले नुसते वर्तमानपत्रावर मांडले होते आणि हात लावू दिला होता. पास नव्हता, तक्ता नव्हता. वाईट याचं वाटतं की ते लोक तुम्हीच होता.

तर आता माझं म्हणणं. पासाचे पूर्ण पैसे परत. ठेवणावळीचे ५० रुपये परत, वेगळे, कारण त्यांची पावती वेगळी आहे. खास बाहुलीचा प्रकार काय तो लेखी कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी आधी १९१५ या सरकारी ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मला माझ्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. म्हणजे तुमच्या क्लोकरूमपेक्षा आयोग स्वस्त आहे.

पण खरं सांगायचं तर मला बंदूक हवी आहे. ती अजून त्या पोत्यात किंवा पोत्याच्या शिवणीत असणार. माझा मामा मालवाहू जहाजावर होता, त्याने १९७९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून तो सैनिक आणला, मी सात वर्षांचा होतो. गिरगावातल्या आमच्या खोलीत असली वस्तू आठ दिवस टिकली नसती. आजीने बंदूक माझ्याकडून काढून घेतली आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवली, रविवारी तासभर मिळायची. मी कॉलेजला गेलो तरी ती डबीतच होती. त्यामुळे ओळख पटवायला फोटो किंवा टोकन काहीही लागणार नाही. गोदामातलं पोतं उघडा, तळाशी जे काही बारीकसारीक सापडेल ते एकेक करून नाकाशी धरा. ज्याला हिंगाचा वास येईल ते माझं.

टोकन ४१७
(पावतीची प्रत सोबत जोडली आहे. मूळ पावती देणार नाही.)