सुध्या, बुवाचा तेरावा सिनेमा सातवा आला

पुणे, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सुध्या,

जुलैपासून तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी. साखर गोळीवर, गुडघा जिन्यावर बोलतो. झालं.

गिएर्मो देल तोरोचा नवा फ्रँकेन्स्टाईन दोनदा पाहिला. मग या मेक्सिकन दिग्दर्शकबुवाचे तेराच्या तेरा सिनेमे पुन्हा क्रमानं लावले, तर हा सातवा येतोय. अरे, सातव्या वर्षी बोरिस कार्लॉफचा जुना फ्रँकेन्स्टाईन पाहिल्यापासून हा माणूस ज्याच्यामागे होता, तोच सिनेमा! दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, सातवा तर सातवा, चहा घे. तुलाच कळेल की यात झोप उडण्यासारखं काय आहे.

आधी त्याच्या बाजूनं बोलतो. मेकअपवाल्या माइक हिलनं केलेला तो राक्षसाचा देह बघ. खडबडीत टाके, मानेत खिळे असलं काही नाही. फुटलेला संगमरवरी पुतळा कुणी नीट जुळवावा तशा शिवणी. राक्षस झालेल्या जेकब इलॉर्डीच्या अंगावर नकली कातडीचे ४२ तुकडे, सगळं अंग रंगवायचं त्या दिवशी दहा तास. आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरातला भाग तर बुवानं आजवर केलेल्या पहिल्या पाचांत बसेल. तिथं तो राक्षस भिंतीपलीकडून शब्द शिकतो, आणि आपण श्वास धरून बसतो.

मग घोडं अडतं कुठं? मरता मरता धाकटा भाऊ विल्यम राक्षस घडवणाऱ्या व्हिक्टरला सांगून जातो की राक्षस तूच आहेस. सुध्या, हे आपल्याला दीड तास आधी कळलेलं असतं! व्हिक्टर दुधाचे ग्लास रिचवतो, आईच्या लाल रंगाचे हातमोजे घालून फिरतो, पोटच्या पोरासारखा जन्माला घातलेला जीव साखळीनं बांधतो. दुधानं सांगितलं होतं, हातमोज्यांनी सांगितलं होतं. वर पुन्हा माणसानं कशाला सांगायचं? आणि ते कॉम्प्युटरवरचे लांडगे. खरंखुरं जहाज बांधणाऱ्याला लांडगेच कसे जमले नाहीत, देव जाणे.

माझी पट्टी तुला माहीत आहे आणि तू तिला हसतोस. बुवाच्या सिनेमात वस्तू काम करते का, एवढंच मी बघतो. डेव्हिल्स बॅकबोन (२००१) घे. अनाथाश्रम चालवणाऱ्या कार्मेनचा एक पाय लाकडी, सोनं त्याच्यातही दडवलेलं. तिथला रखवालदार हासिंतो त्या सोन्यापायी आश्रम उडवतो, लगडी कंबरेला बांधतो, आणि शेवटी पोरं त्याला टोकदार काठ्यांनी भोसकून तळघरातल्या पाण्यात ढकलतात तेव्हा त्या लगडीच त्याला तळाला नेतात. सांती, त्यानंच मारलेल्या पोराचं भूत, खाली वाट बघत असतोच. लोभाचं फळ वाईट, असं कुणी म्हणत नाही. वजन म्हणतं. अंगणात न फुटलेला बॉम्ब उभा, पोरगा त्यालाच विचारतो, सांती कुठंय. डॉक्टर कासारेस बरण्यांतल्या अर्भकांचं पाणी गावात औषध म्हणून विकतो, आणि विज्ञानावर भाषण ठोकून झालं की स्वतःही एक घोट घेतो. एवढ्यात अख्खा माणूस कळला की नाही?

तू म्हणशील, सुरुवातीलाच आवाज विचारतो की भूत म्हणजे काय, मग ते बोलून दाखवणं नाही का? बरोबर पकडलंस. पण तो आवाज कासारेसचा, आणि तो स्वतःच भूत झालाय हे शेवटी कळतं. ती व्याख्या नव्हे, साक्ष आहे. म्हणून बॅकबोन पहिला. यावर आता वाद नको, २०१७ला पुरेसा घातलाय.

पॅन्स लॅबिरिंथ (२००६) दुसरा, केसाएवढ्या फरकानं. मागच्या महिन्यात थांबवून थांबवून पाहिला. फॉन, तो शिंगवाला अर्धा बोकड, दर भेटीत तरुण होत जातो, हे तुझ्या लक्षात आलं होतं? पहिल्यांदा डोळ्यांवर पांढरा पडदा, अंगावर शेवाळ, हलला की जुन्या लाकडासारखा कुरकुरतो. शेवटी तुकतुकीत. जितका देखणा, तितका भरवसा कमी. दुसरी गंमत म्हणजे जेवणाची टेबलं. कॅप्टन विदाल टेबलाच्या टोकाला, पाठीमागे पेटलेली शेकोटी. तो पांढरा, डोळे तळहातावर असलेला बाबा बसतो तोही टेबलाच्या टोकालाच, मागे शेकोटीच. शब्दाविना दोघांचं नातं सांगून मोकळा. दोन्ही सोंगं, फॉन आणि पांढरा, डग जोन्सचीच. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, तरी ओळी पाठ करून म्हटल्या, वर आवाज पाब्लो आदानचा चढवला. पांढऱ्याच्या मुखवट्यात त्याला नाकपुड्यांच्या भोकांतून दिसायचं. असल्या चालीला अभिनय म्हणायचं की आंधळी कोशिंबीर?

तिसरा पिनोकिओ (२०२२). चर्चमधला लाकडी ख्रिस्त आणि हा पोरगा, दोघंही सुतार जेपेत्तोनंच घडवलेले. लोक त्याच्यासाठी गातात, तोही लाकडाचाच, मग मी का आवडत नाही, हा पोराचा प्रश्न. पिऊन झोपल्यामुळे बापानं एक कान कोरायचाच ठेवला, तो शेवटपर्यंत नाही.

आता चौथा. खुर्चीत नीट बस. क्रिमसन पीक (२०१५). हो, तोच. मी त्याला पडद्याचं कापड म्हणालो होतो आणि तू माझ्याशी तीन आठवडे बोलला नव्हतास. लेका, तुझं बरोबर होतं. पहिल्या वेळी मी गोष्ट बघत बसलो, आणि गोष्ट साधीच आहे, खुनी कोण ते अर्ध्यातच कळतं. घर बघायला हवं होतं. टोरोंटोत तीन मजली घर खरोखर उभं केलं, चालती लिफ्ट, पेटत्या शेकोट्या. वॉलपेपरच्या नक्षीत 'भीती' हा इंग्रजी शब्द लपवलेला. काही खुर्च्या दोन मापांच्या केल्या, नायिका एडिथ खचली की मोठ्या खुर्चीत ती लहान दिसावी म्हणून! बफेलोमधला प्रकाश मधासारखा, इंग्लंडातला निळाहिरवा, आणि लाल रंग मुख्यतः भुतांना आणि मातीला. छपराच्या भगदाडातून आधी पानं पडतात, मग बर्फ, खाली घर लाल चिखलात रुततंय. तुझी माफी मागितली असं समज. पुन्हा मागणार नाही.

पण शेप ऑफ वॉटरला (२०१७) मी सहाव्याच्या वर नेणार नाही. चार ऑस्कर काय, चाळीस मिळोत. त्याच्या वर पाचवा क्रोनोस, पहिलावहिला, १९९३चा. सोन्याच्या यंत्राच्या पोटात जिवंत किडा, चावी दिली की आजोबांच्या हातात नांग्या रुतवतो. अमरत्व एवढुसं, तळहातावर मावणारं. शेप ऑफ वॉटरमध्ये खलनायक पहिल्या फ्रेमपासून खलनायक, त्याची कुजणारी बोटंसुद्धा ओरडून सांगतात. कारागिरी मात्र कबूल. सुरुवातीचं बुडालेलं घर पूर्ण कोरडं आहे. स्टुडिओ धुरानं भरायचा, बाई आणि खुर्च्या-टेबलं तारांनी टांगायची, पंख्यानं कपडे हलवायचे, कॅमेरा जास्त वेगानं चालवून हालचाल मंद करायची, आणि वरून प्रोजेक्टरनं पाण्याच्या लाटांचा उजेड फिरवायचा. धूर कमी पडला तर तारा दिसणार, जास्त झाला तर मागची भिंत गायब. बाथरूम भरतं तो प्रसंग मात्र खऱ्या टाकीत.

सातवा सांगितलाच. आठवा हेलबॉय दोन, त्या वनदेवतेसाठी, जी मरते तिथं रस्त्यावर फुलं फुटतात. नाइटमेअर अॅली नववा, पहिला तास थोडा कापला असता तर वर गेला असता. मग पहिला हेलबॉय, ब्लेड दोन (जबड्यांसाठी फक्त), मिमिक, आणि तळाला पॅसिफिक रिम. ते यंत्रमानव बघून तुझा धाकटा उड्या मारत असेल, त्याला हे दाखवू नकोस.

सोसायटीच्या हॉलमध्ये पाच शनिवार करतोयस ना? पिनोकिओ, क्रिमसन पीक, शेप ऑफ वॉटर, बॅकबोन, पॅन्स, याच क्रमानं. फ्रँकेन्स्टाईननं सुरुवात करू नको, लोकांना तेच सगळं पुन्हा वाटेल. स्पॅनिश सिनेमे स्पॅनिशमध्येच, खाली इंग्रजी सबटायटल. पॅन्सला बारक्या पोरांना आणू नका, विदाल बाटलीनं एकाचा चेहरा ठेचतो आणि कॅमेरा वळत नाही. खिडक्यांना काळा कपडा दुहेरी लाव. बॅकबोनच्या तळघरात पिवळसर अंधार आहे, उजेड शिरला की तो राखाडी होतो आणि सांतीच्या कपाळातून वर तरंगणारं रक्त दिसतच नाही. प्रोजेक्टरचा ब्राइटनेस वाढवून ते परत येत नाही, काळाच पांढरट होतो.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? मुक्ताची दहावी म्हणजे घरात कर्फ्यू असेल. तिला माझा आशीर्वाद, आणि गणितात तुझी मदत घेऊ नको म्हणावं. वहिनींची बदली रद्द झाली हे ऐकून बरं वाटलं.

मला एवढंच लिहून कळव: फ्रँकेन्स्टाईन तुझ्याकडे कितवा? सातव्याच्या वर असेल तर कारण हवं, नुसता आकडा नको.

तुझा,
बाळ्या

ता. क. हॉलमध्ये टीव्ही वापरणार असलास तर पिनोकिओच्या आधी मोशन स्मूदिंग बंद कर. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस असं नाव असतं. ते चालू राहिलं की टीव्ही मधे स्वतःच्या खोट्या फ्रेमा घुसवतो, आणि हातानं एकेक फ्रेम हलवलेल्या बाहुलीचा बारीक झटका पुसला जातो. मिमिक कुणी मागितलाच तर २०११ची दिग्दर्शकाची आवृत्ती लाव, मूळची नको.