पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पोळी बंद करून बघा, फरक पडला तर गव्हाचाच त्रास’ हा सल्ला हल्ली शेजारपाजारच्यांपासून काही दवाखान्यांपर्यंत सर्रास दिला जातो. वाढ खुंटलेल्या मुलाच्या बाबतीत तो सिलिअॅक या आजाराच्या निदानाची वाटच अडवतो. त्याविषयी पालकांना वेळेत कळावे म्हणून हे पत्र.

सिलिअॅक आजार म्हणजे अपचन नव्हे आणि गव्हाची अॅलर्जीही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. जनुकीय कल असलेल्या मुलांत ते पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे आतड्याचे बारीक अंकुर झिजून सपाट होतात. मग मूल कितीही जेवले तरी अंगाला लागत नाही, कारण लोह, कॅल्शियम, स्निग्धांश आत शिरतच नाहीत. रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणे) या दोन्ही चाचण्या ही चालू असलेली प्रतिक्रियाच पकडतात. गहू बंद केला की काही आठवड्यांत, महिन्यांत रक्तातली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. नंतर खात्री करायची तर मुलाला पुन्हा कित्येक आठवडे रोज गहू खायला घालावा लागतो. नुकतेच सावरलेले मूल मुद्दाम आजारी पाडायचे! पाच वर्षांखालच्या आणि वयात येणाऱ्या मुलांत तर डॉक्टर शक्यतो हे करतही नाहीत. म्हणून तपास पूर्ण होईपर्यंत पोळी, बिस्किट, शिरा जे नेहमी खाते ते चालूच ठेवा. साधारण 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. लहान मुलाच्या तपासणीसाठी रोज एवढे पोटात जाणे सहसा पुरते.

हा उत्तर भारतातला आजार, आपल्याकडे नसतो, हा समज डॉक्टरांतही आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत प्रौढांच्या रक्तात या आजाराची प्रतिपिंडे सापडण्याचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळले होते. त्या तीन ठिकाणांत महाराष्ट्र नव्हता. आजाराला पोषक जनुके मात्र तिन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात होती. मोठी तफावत होती ती गहू खाण्यात. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढलेल्या घरांतही आता पोळी, पाव, टोस्ट आणि बिस्किट सकाळ-संध्याकाळ आहे. तेव्हा ‘आपल्याकडे नसतो’ म्हणून गाफील राहण्यात अर्थ नाही.

संशय कधी घ्यावा? जुलाब आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, पोट पुढे आणि हातापायांच्या काड्या, वजनकाटा हलत नाही, ही झाली ठळक लक्षणे. पण पुष्कळ मुलांना जुलाब होतच नाहीत. उंची वर्गातल्या मुलांपेक्षा मागे पडत जाते, लोहाचे औषध महिनोन्महिने देऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, तोंड वारंवार येते, चक्क बद्धकोष्ठ असते, मूल सतत किरकिर करते, मुलीची पाळी लांबते. अशा वेळी जंताचे औषध आणि टॉनिक यांच्या फेऱ्यांत वर्षे जातात. टाइप 1 मधुमेह, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार विकार, डाउन किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांत तर लक्षणे नसली तरी ही तपासणी व्हायलाच हवी.

पहिली तपासणी रक्ताची: या आजाराची प्रतिपिंडे मोजणारी टीटीजी-आयजीए. त्याच नमुन्यात ‘टोटल आयजीए’ मोजायला सांगा. ज्यांच्या शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार मुळातच तयार होत नाही त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही खाली येते. त्यांना आयजीजी प्रकारची चाचणी लागते. रिपोर्टवरचा आकडा एकटा वाचू नका. प्रत्येक तपासणी-किटची ‘नॉर्मल’ची वरची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे एका प्रयोगशाळेतला 80 आणि दुसरीतला 80 यांचा अर्थ वेगळा असू शकतो. मर्यादेच्या किती पट, हे पाहायचे. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020 च्या सूचनांनुसार टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही आणखी एक प्रतिपिंड-चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर बायोप्सीशिवाय निदान करता येते. आपल्याकडे बरेच तज्ज्ञ तरीही बायोप्सीचा आग्रह धरतात आणि तो रास्त आहे. किटमध्ये फरक असतो, आणि जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), क्षयरोग किंवा ट्रॉपिकल स्प्रू (आतड्याचा एक वेगळा आजार) यांतही अंकुर झिजलेले दिसू शकतात.

बायोप्सीचा तुकडा एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून घेतात. तिचे नाव काढताच पालक धास्तावतात. लहान मुलांत ती भूल किंवा गुंगी देऊन करतात आणि तपासणीला काही मिनिटे लागतात. नमुने मात्र पुरेसे घेतले गेले पाहिजेत: लहान आतड्याच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन आणि त्याच्या पुढून किमान चार. झीज ठिकठिकाणी कमी-जास्त असते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका बऱ्या भागातला निघाला, तर सगळी खटपट वाया जाते. हे डॉक्टरांना आधीच विचारावे, त्यात संकोच नको. रिपोर्टमध्ये झीज किती ते सांगणारी ‘मार्श’ श्रेणी लिहिलेली असते. 3 म्हणजे अंकुर झिजलेले. बाजारात मिळणाऱ्या ‘शंभर पदार्थांच्या फूड इन्टॉलरन्स’ चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांवरून हे निदान होत नाही. आजाराला पोषक जनुके शोधणारी एचएलए चाचणी नकारात्मक आली तर आजार जवळजवळ नाहीच असे म्हणता येते. सकारात्मक आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुके असंख्य निरोगी माणसांत असतात.

निदान पक्के झाले की उपचार एकच, जन्मभर ग्लुटेनमुक्त आहार. यावर आजतरी दुसरे औषध नाही. मराठी स्वयंपाकघराला हे तुलनेने सोपे आहे: तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, पोहे, मुरमुरे, सर्व डाळी, बेसन, दूध, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळे सगळे चालते. घात होतो तो आडवाटेने.

खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून आवर्जून विकला जातो. तो गहूच आहे, चालत नाही. रवा, दलिया, शेवया, गव्हाचे सत्त्व ही गव्हाचीच रूपे. कुरडईही गव्हाच्या चिकाची. थालिपिठाच्या भाजणीत, मेतकुटात, सातूच्या पिठात परंपरेने गहू असतो, म्हणून विकतचे घेऊ नये, घरी गहू वगळून करावे. मधुमेही आजोबांसाठी आणलेले जवाचे पीठ मुलाला चालत नाही, आणि मॉल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीही नाहीत, कारण मॉल्ट सहसा जवाचे असते. नाचणीच्या बिस्किटांच्या पुड्यावर घटकांची यादी वाचा, बऱ्याचदा त्यात मैदा सापडतो. आणि हिंग! डबीतला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक मिसळून केलेला असतो. वरण-भात खाणाऱ्या मुलाची टीटीजी खाली येत नसेल, तर फोडणीची डबी आधी तपासा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो आणावा.

सगळ्यात मोठी अडचण गिरणीची. त्याच जात्यात, त्याच तोंडातून सकाळपासून गहू दळलेला असतो. ‘आधी थोडे तांदूळ दळून जाते साफ करून देतो’ या आश्वासनावर विसंबता येत नाही, आणि ते का, हे हिशेबाने पाहा. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ग्लुटेनमुक्त म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन. कणकेत वजनाच्या साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन धरले, तर एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम कणीक एक किलो ज्वारीच्या पिठात गेली की त्यात 240 ते 300 मिलिग्रॅम ग्लुटेन येते, मर्यादेच्या बारा ते पंधरा पट. जात्याच्या खाचांत आणि पिशवीच्या कापडात एवढे पीठ सहज अडकलेले असते. दिवसाला 50 मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम कणीक, सतत पोटात गेली तरी आतड्याला इजा होते. म्हणून या मुलासाठी वेगळी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच दळू नये. धान्यही नीट निवडावे, धुवावे, कडक वाळवावे आणि मग दळावे; दुकानात एकच माप सगळ्या पोत्यांत फिरते आणि ज्वारीत गव्हाचे दाणे येतात. ज्यांना घरघंटी परवडत नाही अशा तीन-चार घरांनी मिळून एक घ्यावी.

घरात लाकडी पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी आणि तवा मुलाचा वेगळा ठेवा. स्टीलची भांडी नीट घासली की पुरतात. त्याची भाकरी आधी, कणीक नंतर. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळू नका. शाळेत बाईंना लेखी कळवा: डबा वाटून खायचा नाही, वाढदिवसाचा केक नाही, कणकेचे मऊ क्ले हाताळल्यावर हात धुवायचे.

किरकिर आणि जुलाब काही आठवड्यांत कमी होतात. उंची भरून यायला वेळ लागतो. सुरुवातीला दूध सोसत नसेल तर ते बहुधा तात्पुरते असते, आतडे भरले की चालू लागते. टीटीजी सहा महिन्यांनी आणि पुढे दर वर्षी करावी. ती सहसा एक-दोन वर्षांत पूर्ववत होते. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. ‘आता बरा झालाय, थोडी पोळी चालेल’ असे म्हणून किशोरवयात पथ्य सोडणारी मुले पुष्कळ आहेत. त्रास दिसला नाही तरी आतडे आतून पुन्हा झिजते. सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत साधारण दहातल्या एकाला हा आजार सापडतो, म्हणून त्यांचीही रक्ततपासणी करावी.

सरकारकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पोषण पुनर्वसन केंद्रात आहार देऊनही ज्या बालकाचे वजन वाढत नाही, त्याची टीटीजी आणि टोटल आयजीए तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी. त्याला हा आजार असेल आणि अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या आहारात गहू असेल, तर तोच आहार त्याचा आजार वाढवत असेल. दुसरे, अन्नसुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते आणि त्या कायद्यात भरड धान्याचीही तरतूद आहे. तज्ज्ञाचा दाखला जोडणाऱ्या कुटुंबाला त्यातल्या गव्हाऐवजी तांदूळ किंवा ज्वारी द्यावी आणि तशी नोंद शिधापत्रिकेवरच करावी, म्हणजे दर महिन्याला दुकानदाराशी हुज्जत घालावी लागणार नाही.

आपले,
सिलिअॅक असलेल्या मुलांचे काही पालक आणि एक आहारतज्ज्ञ, पुणे